शेवंताचं टिंब

इकडं सरक, बाई. लांब बसून दात काढू नको. म्हाताऱ्या बाईच्या कमरेवर टॅटू म्हटलं की तुम्हा पोरींना हसायला दुसरं निमित्त लागत नाही. अग, माझ्या विहिणीसारखी बाई औंढ्यापासून हिंगोलीपर्यंत चाळून काढलंस तरी दुसरी सापडायची नाही. अन् तिच्या कमरेवर जो घोटाळा झाला तो माझ्यापायी झाला. तेव्हा हसायचंच तर मला हस.

विहीण म्हणजे माझ्या थोरल्या लेकीची सासू. राहायला डोंगरकडा गावाला. हळद शिजवण्यापासून गावातली भांडणं मिटवण्यापर्यंत कशाला माघार नाही, पण लिहिणं-वाचणं शून्य. लिहायचं ते सगळं तिनं अंगावर लिहून घेतलेलं. डाव्या हातावर मालकांचं नाव, उजव्यावर तिन्ही भावांची, उरलेल्या जागेत तुळस अन् देव. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही हा तिचा नेम. बँकेत साहेबानं "पतीचं नाव?" विचारलं की ही पदर सारून हात त्याच्या टेबलावर ठेवते, "वाचा!" एकदा साहेब नवा होता. त्याला वाटलं, बाईला बीपी मोजून घ्यायचाय. म्हणाला, "आजी, दवाखाना समोर आहे."

तर मागच्या उन्हाळ्यात ती मला म्हणाली, "विहीणबाई, एवढ्या जणांची नावं घेऊन फिरून राहिले, माझं कुठंय?" लग्नात तांदळाच्या ताटात तिचं नाव सरस्वती लिहिलं, एक अक्षर न येणारीचं! माहेरचं 'शेवंता' त्या दिवसापासून बंद. त्या नावानं हाक मारणारा एकटा धाकटा भाऊ उरला होता, तोही नुकताच गेला. सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं, असं आमच्या बाया म्हणतात. तिला ते नाव संगं न्यायचं होतं. हातावर तर बोटभर जागा नव्हती. "कंबर रिकामी हाय, अन् दुखतीबी. एका सुईत दोन कामं," ती म्हणाली.

हिंगोलीच्या दुकानात टॅटूवाली पोरगीच होती म्हणून बरं, केस अर्धे निळे असले तरी. तिनं चित्रांचा अल्बम पुढं केला. विंचू पाहून विहीण म्हणाली, "एक इंचू आधीच कमरेत चावून राहिला, दुसरा काहून?" शेवटी पोरगी म्हणाली, "आजी, नाव कागदावर लिहून द्या." आता लिहिणार कोण? मीच! शाळेचं तोंड न पाहता लेकाच्या पाटीवरून अक्षरं उचललेली, घरात चार पुस्तकं असलेली पंडितीण. ऐटीत चष्मा पुसला, पेन मागितलं, लिहिलं. पोरीनं त्याबरहुकूम गोंदलं. पालथ्या विहिणीनं हूं की चूं केलं नाही, नुसतं माझं मनगट आवळलं. ओरडत होते मी. बाहेरच्या गिऱ्हाइकांना वाटलं, गोंदण माझंच चाललंय.

पोरीनं कापसानं पुसलं अन् मी वाचलं : शेवता. चिठ्ठी पाहिली. चिठ्ठीतही शेवता. टिंब मीच खाल्लं होतं.

"बराबर आलं न?" तिनं पालथ्यानंच विचारलं.

"बराबर," मी म्हणाले.

त्या एका 'बराबर'नं मला आठ दिवस घास गोड लागू दिला नाही. जे नाव तिला शेवटी संगं न्यायचं, तेच मी लंगडं करून ठेवलेलं. अखेर डोंगरकडा गाठलं, ओसरीवर बसून सगळं कबूल केलं. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतेय. बघते तर हसत होती. "आता ग बया! अन् मी गावभर सांगून राहिले, आमच्या विहीणबाई लई शिकलेल्या हायेत!"

मी म्हटलं, "चला उद्या हिंगोलीला. एका टोचणीचं तर काम."

"राहू द्या. माझ्या मायला तरी टिंब कुठं लिहिता येत व्हतं? तिनं ते तोंडानं दिलं. आता तुमी द्या."

तेव्हापासून फोनवर मी तिला शेवंता म्हणते. तिकडून आतून कुठूनतरी तिचा "ओ" येतो. आताशा तो बारीक झालाय. माझाही आवाज पूर्वीसारखा पोचत नाही. माझ्यामागं तिला त्या नावानं कोण हाक मारील, हेच मनात येतं. म्हणून तुला जवळ बोलावलं. पुढच्या खेपेला दिवाळीची वाट पाहू नको, लवकर ये. दोघी डोंगरकड्याला जाऊ. दारातूनच "शेवंतामावशी!" म्हणून हाक मार. कंबर दाखवा म्हणू नको. टिंब तेवढं खाऊ नको.