पालथा कप

"तुमच्याकडे पाहुणे कप धुतात का हो?"

काकूंनी हे हसत विचारलं. त्या स्वैपाकघराच्या दारात उभ्या होत्या. नजर माझ्यावर नव्हती, अंगणातल्या नळाकडे होती. तिथं माझी आई उकिडवी बसून चहाचा कप धूत होती. आतून बोट फिरवून, कड घासून. धुतला, झटकला आणि नळाच्या ओट्यावर पालथा ठेवला. मग पदराला हात पुसत आली आणि बसली. घरात नाही. पायरीवर.

मी म्हणाले, "आईला स्वच्छतेची फार आवड आहे."

आणि हसले. थू त्या हसण्यावर!

तो दिवस आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा होता. जळगावात पिंप्राळ्याला सरांचं राहतं घर, आणि त्याला लागून त्यांनीच बांधलेलं दुसरं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी, दारात नळ. ते दुसरं विकायला काढलं होतं. सर म्हणजे निवृत्त मास्तर, काकू त्यांच्या बायको. मी एसटीत कंडक्टर. नोकरी लागल्यापासून भाड्याच्या खोल्या बदलतेय. आईचे गुडघे गेले, जिना चढवत नाही. तिला तळमजला पाहिजे होता आणि आपला नळ. जन्मभर तिनं हंडा घेऊन दुसऱ्याच्या दारात वाट पाहिली. कोणी वरून ओततंय का, याची. घर माझ्या नावावर होणार होतं, पण मी घेत होते ते तिच्या त्या नळासाठी.

आमचं गाव पिंपळनेरकडचं. आमची वस्ती गावाच्या खालच्या टोकाला. कागदावर भीमनगर, गावाच्या तोंडात अजून जुनंच नाव. आई ज्यांच्या शेतात निंदायला जायची त्यांच्याकडे आमचा कप वेगळा असायचा. गोठ्याच्या वळचणीला खोचलेला. आपणच काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, पिऊन झाला की धुवायचा, पालथा ठेवायचा. पालथा दिसला की त्यांना कळायचं, धुतलाय. आईला हे कोणी बसवून शिकवलं नाही. तिच्या आईचं बघून तिच्या हातात आलं.

आमचं आडनाव तीन-चार जातींत चालतं. मी बोलते शुद्ध. सरांनी आडनाव ऐकलं आणि आपल्या मनानं काय ते ठरवून टाकलं. मीही खुलासा केला नाही. कशाला करू? घर घेत होते, सोयरीक जुळवत नव्हते. पण आईच्या हातानं सांगून टाकलं.

परत येताना रिक्षात मी आईवर उखडले. "कोणी सांगेल व्हतं तुले कप धोवाले?"

आई ओशाळली. "हातले सवय शे, माय. ध्यानमाच नही उनं."

आणि तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. घर येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. काकूंना एक शब्द उलट बोलायची छाती झाली नाही माझी, आणि आईवर मात्र तोंडसुख घेतलं. त्याची लाज मला आज वाटते. त्या दिवशी वाटली नाही.

इसारपावतीवर सह्या चहाच्या आधीच झाल्या होत्या. महिन्याभरात साठेखत, मग बँकेचं कर्ज, मग खरेदीखत, असं ठरलं होतं. घराचे कागद सरांनी द्यायचे होते.

मग सुरू झालं, बघू.

आषाढात शुभकार्य नको, बघू. श्रावणात काकूंचे उपास, बघू. पितर बसले, आता कसं? दिवाळीला मुलगा पुण्याहून येईल, त्याला विचारून बघू. मुलगा आला, फराळ करून गेला. मग पौष लागला. उताऱ्यावर नावाची दुरुस्ती आहे. कपाटाची चावी सापडत नाही. बँकेचं मंजुरीपत्र शिळं झालं, मी पुन्हा काढलं, तेही शिळं झालं. बँकेतला साहेब म्हणाला, "मॅडम, घर घ्यायचंय ना नक्की?"

आखाजीपर्यंत सर मला ताई म्हणायचे. "या ताई, बसा ताई." नंतर मी बाई झाले. "बाई, सांगितलं ना, बघू." चहा मिळायचा, पण कागदी कपात. सरांच्या हातात चिनीमातीचा. आणि आईनं पालथा घातलेला तो कप काकूंनी घरात परत नेलाच नव्हता. नळाच्या ओट्यावरच राहिला. पुढच्या एका खेपेला पाहिलं, त्यात कपड्याच्या साबणाचा तुकडा ठेवला होता.

मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. बोदवडच्या गाडीत मी भल्याभल्यांना गप्प करते. "पुढं सरका, दार काय तुमच्या मामाचंय?" असं ओरडते. आणि तीच मी सरांसमोर मांजर व्हायचे. "सर, तेवढं कागदांचं बघा ना." मनाला समजवायचे, म्हातारी माणसं आहेत, होतो उशीर. घर पाहिजे होतं ना! गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते उगाच नाही.

शेवटी हे घर दाखवणाऱ्या दलालानंच तोंड उघडलं. प्रवीणभाऊ त्याचं नाव. स्टँडवर गाडीपाशी भेटायला आला.

"ताई, गरम नका होऊ. सर इसार परत द्यायला तयार आहेत. तुमच्या लोकांची एक छान कॉलनी होतेय तिकडं, ती बघू."

"माझ्या लोकांची म्हणजे?"

तो इकडं तिकडं बघायला लागला. "त्या दिवशी आईंनी कप धुतला ना. काकूंनी लगेच ओळखलं. सर चांगला माणूस आहे हो, तोंडावर नाही म्हणवत नाही त्यांना."

चांगला माणूस! दहा महिने मी ज्याला उशीर म्हणत होते, तो नकार होता. एका शब्दाचा नकार. तो त्यांनी सणावारांत, चाव्यांत, उताऱ्यांत गुंडाळून मला घोट घोट पाजला. मी कंटाळून आपणहून निघून जावं, आणि त्यांच्या चांगुलपणाला डाग लागू नये. वा रे चांगुलपणा!

खोलीवर आले. आईला म्हटलं, लुगडं बदल, सरांकडं जायचंय. आई जागची हलली नाही.

"मी नही येत. मनामुयेच गयं तुनं घर."

तिच्यामुळेच माझं घर गेलं, हे दहा महिने ती मनात घेऊन बसली होती. आणि ते तिच्या मनात मी घातलं होतं, त्या रिक्षात. मी तिच्यापुढं बसले. तिचे हात हातात घेतले. म्हटलं, "तुनं काहीच चुकेल नही, माय. चुकेल मनं शे." माझं चुकलं. हे म्हणायला मला दहा महिने लागले.

तिला घेऊन मी वर्दीतच सरांकडं गेले. आईला धरून आत नेलं आणि सोफ्यावर बसवलं. काकूंनी दोन कागदी कप आणले.

"काकू, कपात द्या."

"कप सगळे खरकटे पडलेत."

"धुऊन होऊ द्या. आम्ही थांबतो. दहा महिने थांबलोय."

काकू सरांकडे बघायला लागल्या. सर म्हणाले, "बाई, हे काय चाललंय?"

मी इसारपावती टीपॉयवर ठेवली. वर पेन ठेवलं. "सर, कागद द्या. नाहीतर घर देत नाही असं लिहून द्या. खाली कारण लिहा. तुम्ही मास्तर, अक्षर चांगलं असेल तुमचं."

"बघू."

"बघू नाही. लिहा."

सरांनी पेनाला हात लावला नाही. "कोर्टात वर्षं जातात, बाई."

"जाऊ द्या. वाट बघायची सवय तुम्हीच लावलीत. आणि बाई नाही. ताई म्हणायचे तुम्ही."

कप आले. चिनीमातीचे, निळ्या फुलांचे. आई चहा प्यायली, सावकाश, बशीत ओतून. मग कप घेऊन सवयीनं उठली. मी नुसतं तिच्याकडं बघितलं. ती थांबली. दाराकडं बघितलं, नळाकडं बघितलं. आणि कप टीपॉयवर ठेवला, इसारपावतीच्या शेजारी. उताणा. तळाला चहाचा गाळ तसाच.

घर अजून मिळालेलं नाही. वकिलाची नोटीस गेलीय. तारखा पडतील, पडू देत. इसार मी परत घेणार नाही. दुसरी कॉलनी बघणार नाही. मला तेच घर पाहिजे, सरांच्या भिंतीला भिंत लागलेलं. आणि ते मिळेपर्यंत दर सुट्टीला मी आईला घेऊन त्या दारात जाणार आहे. दार उघडलं नाही तर ओट्यावर बसू. उघडलं तर चहा घेऊ, कपात. कप तिथंच ठेवून येऊ. खरकटा.