चौथा वर्ग

प्रिंटर खडखडला की मी अजून दाराकडे बघतो.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल. बेळगावातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर आला आणि तो सांभाळायच्या नोकरीला मी लागलो. कपाटाएवढं मशीन एक, कामं ढीगभर, आणि कुणाचं आधी चालवायचं यावरून रोज भांडणं. शेवटी वैतागून मी मशीनमध्येच कामांचे चार वर्ग पाडले: परीक्षा, प्राध्यापक, विद्यार्थी आणि तळाला बाहेरचे. वरचे तिन्ही रिकामे असतील तरच चौथ्याचं काम सुरू होणार, आणि दहा मिनिटं झाली की मशीन ते मध्येच मारून टाकणार. सगळे माझ्या मागेपुढे फिरायला लागले. डोक्यात हवा गेली होती, दुसरं काय.

चौथ्या वर्गात एकच माणूस होता. शाळेत मला गणित शिकवलेले, आता निवृत्त झालेले सर. खानापूरकडच्या विहिरींचं पाणी त्यांनी वर्षानुवर्षं मोजून लिहून ठेवलं होतं. पुढे कोणत्या विहिरी टिकतील, ते डोळे मिटायच्या आत त्यांना एकदा बघायचं होतं. त्यांचे आकडे मी मशीनमध्ये घालून काम चौथ्या वर्गाच्या रांगेत लावून दिलं होतं. दर सोमवारी येत, दाराबाहेर चपला काढत.

"काय रं, लागला काय नंबर?"

"रांगेत आहे, सर."

"असू दे. सरकारी काम आणि सहा महिने थांब," म्हणत हसत, आणि परतीच्या गाडीपर्यंत बाकावर बसून राहत. त्यांचं काम वर घ्यायचा एक हुकूम मी टाइप केला असता तरी भागलं असतं. पण नियम माझा होता ना!

पावसाळ्यात सर गेले.

दिवाळीच्या सुट्टीत सकाळी मशीन सुरू करून एकटाच बसलो होतो. वरचे तिन्ही वर्ग रिकामे. अचानक प्रिंटर खडखडला आणि कागदावर सरांचं नाव उमटलं. मी दाराकडे बघितलं. मग एकेका विहिरीचे आकडे यायला लागले. दहा मिनिटांनी प्रिंटर थांबला. शेवटी मीच लिहून ठेवलेली ओळ: वेळ संपली.

मी ती दहा मिनिटांची मर्यादा काढली आणि काम पहिल्या वर्गात घातलं. दुसऱ्या दिवशी सगळे कागद घेऊन सरांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीनं ते मांडीवर घेतले.

"किती वेळ लागला रं ह्याला?"

"चाळीस मिनिटं, काकू."

"एवढंच?" त्या कागदांकडे बघत राहिल्या. "आठ म्हैनं येत हुते की रं तुझ्याकडं."

मग त्यांनी मला चहा दिला. तो मी प्यालो, याची लाज अजून वाटते.