देवकीचं नाव गावोगाव

हुडकेश्वर तेव्हा खेडंच होतं, पण रुपराव ठवकरांचं नाव तिथून निघून साऱ्या देशभर फिरत असे. सायकल दुरुस्तीचं एवढंसं दुकान, फळीवर रेडिओ आणि त्याच्याशेजारी कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा. फर्माइशीच्या कार्यक्रमाला कार्ड टाकायचं, गाणं मागायचं आणि खाली नावं लिहायची. निवेदक ती गावासकट वाचून दाखवी. गाण्याचं रुपरावांना फारसं कौतुक नव्हतं, सगळी गोडी नावांत. गोंदिया, वर्धा, भंडाऱ्याचे असेच फर्माइशवाले चेहरा न पाहता त्यांचे मित्र झाले होते. आणि ज्याचं नाव एकदा रेडिओवर लागलं, ते गिऱ्हाईक पंक्चर काढायला दुसरीकडे जायचं नाव घेत नसे.

रुपरावांना चौकशीची भारी खोड. माहेर कुठलं, घरी कोण कोण, हे विचारल्याशिवाय ते चाकात हवासुद्धा भरत नसत. फक्त देवकी लांजेवार त्यांच्या हाती लागत नव्हती. ती सक्करदऱ्याच्या एका प्रसूतिगृहात नर्स होती, एकटी राहायची. सायकलीत हवा भरून घ्यायची की निघाली.

"सिस्टर, नाव टाकू काय तुमचं?"

"नको, भाऊ."

काहून नको? या प्रश्नानं रुपरावांचं डोकं पोखरलं. शेवटी त्यांनीच निकाल लावला, की बाई लाजाळू आहे, नाव ऐकलं की खुलेल. आणि न विचारता नाव टाकून मोकळे झाले.

ते लागलं, त्याच संध्याकाळी देवकी दुकानात आली.

"भाऊ, गावासकट काहून सांगितलं? नवऱ्यानं हात मोडला होता माहा. रामटेकहून जीव घेऊन आली मी. इथला पत्ता कोणालेच माहीत नाही. तो हाच कार्यक्रम ऐकते. आता कुठं जाऊ मी?"

रुपरावांनी फळीवरचा रेडिओ बंद केला. इतके दिवस हवी होती ती सारी हकीकत कळली होती, आणि ती कुणाला म्हणजे कुणालाच सांगायची नव्हती.

तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही म्हणतात. रेडिओवरून गेलेला कुठला यायला! पण गर्दीत हरवता तर येईल? त्यांनी गावोगावच्या मित्रांना लिहिलं, पुढच्या कार्डावर तुमच्या गावाखाली देवकी लांजेवार हे नाव टाका, कारण विचारू नका. कारण अर्थातच सगळ्यांनी विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून वर्ध्याचा मित्र रुसून बसला. नाव मात्र त्यानंही टाकलं.

मग देवकी लांजेवार गोंदियाहून गाणं मागू लागली, वर्ध्याहून मागू लागली, भंडाऱ्याहूनही मागू लागली.

एका दुपारी एक परका माणूस दुकानाशी थांबला. "रेडिओवाले रुपराव तुम्हीच काय? रामटेकहून आलो मी."

एरवी एवढ्यावर रुपरावांनी चहा मागवला असता. आज त्यांनी नुसती पंक्चरची ट्यूब हातात घेतली.

"देवकी लांजेवार कुठं राहते गा? तुमच्याच कार्डावर नाव होतं."

"कार्डावर जागा उरली का कोणतंही नाव टाकतो, भाऊ. सारेच टाकतात."

"गोंदियाले जाऊन आलो, वर्ध्याले जाऊन आलो. कुठंच नाही!" माणूस वैतागून स्टुलावर बसला. समोर एक लेडीज सायकल उलटी करून ठेवली होती. देवकीची. सकाळीच पंक्चरला टाकून ती बसनं कामावर गेली होती. माणसानं त्या सायकलीकडे पाहिलं. "हे कोणाची?"

"गिऱ्हाइकाची."

"नाव काय तिचं?"

रुपरावांनी ट्यूब पाण्यात बुडवली आणि मान खालीच ठेवली.

"गिऱ्हाइकाले मी नावगाव विचारत नाही, भाऊ. आपल्याले काय करायचं?"

साऱ्या हुडकेश्वरात या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. तो माणूस परका होता. त्यानं ठेवला आणि बस धरायला निघून गेला.