आठे माणूस शे

मुंबई विमानतळावर माझं पहिलं भांडण झालं तेव्हा सकाळचे सात वाजले होते. मी आणि बायको मालती लेकीकडे लंडनला निघालो होतो. शहाद्याच्या एजंटाला मी दहादा बजावलं होतं, जागा शेजारी शेजारी पाहिजेत. हातात पडल्या त्या बारा रांगांच्या अंतराने. मालतीचा हा पहिलाच विमानप्रवास. घर सोडल्यापासून तिचं एकच पालुपद, "इमान उडी तवय मन्हा हात धरज्यात" (विमान उडेल तेव्हा माझा हात धरा).

हातगाडीवर केळी विकणारा मी आज ट्रक भरून माल पाठवतो, तो काउंटरवरून हटत नाही म्हणूनच. माझा आवाज चढत गेला तसा समोरचा साहेब नरम पडत गेला. शेवटी म्हणाला, "शेजारच्या जागा नाहीतच. पहिल्या वर्गात देऊ शकतो, पण एकच."

मी मालतीला म्हटलं, "तू जा."

"मी एकली तठे कोनासंगे बोलू? तुम्हीच जा."

जिंकलेला सौदा सोडायची मला सवय नाही. गेलो.

खुर्ची कसली, दार असलेली खोलीच ती. बटण दाबलं की पलंग. हवाईसुंदरी बडोद्याची निघाली. सुरतेच्या व्यापाऱ्यांमुळे मला गुजराती येतं, त्यामुळे पाच मिनिटांत मी तिचा काका झालो. विमान धावपट्टीवर सुटलं तेव्हा मात्र माझा हात आपोआप शेजारी गेला. तिथे गुळगुळीत लाकडी फळी होती.

जेवण आलं. मोठ्या बशीत घासभर पदार्थ, असं पाच वेळा. मिरची मागितली तर अंगठ्याएवढ्या बाटलीत लाल पाणी आलं. नंदुरबारच्या मिरची बाजारातून नुसतं चालत गेलं तरी याहून जास्त ठसका लागतो. टोपलीतलं केळं दाबून पाहिलं. वरून पिवळंधमक, आत अर्धं कच्चं. असा माल मी पाठवला असता तर तसाच परत आला असता. पण हे सांगायचं कुणाला?

मी हवाईसुंदरीला बोलावलं. "बेटा, ही जागा शहाद्याच्या एसटीत तिघांची आहे. अर्ध्यात माझ्या बायकोला बसव."

"काका, तसा नियम नाही."

"मग मी मागे जातो."

"ही जागा सोडून?" ती हसायला लागली.

"सौदा फिरवला असं समज."

मागे शेवटून चौथ्या रांगेत मालती दिसली. खिडकीशी बसलेली मुलगी मालतीच्या पिशवीतल्या बिबड्या (ज्वारीचे पापड) कडाकडा खात होती. मधल्या जागेचा प्रवासी आलाच नव्हता आणि त्या रिकाम्या जागेवर माझा निळा रुमाल अंथरलेला होता. तेवढ्यात पुढून एक उंच गोरा माणूस आला आणि त्या जागेकडे बोट दाखवू लागला. मालतीने रुमालावर हात ठेवून त्याला ठणकावलं, "आठे माणूस शे" (इथे माणूस आहे). त्याला एक अक्षरही कळलं नसणार, पण तो मुकाट्याने माघारी फिरला.

मी जाऊन बसलो.

"इतला उशीर?" ती म्हणाली. "कवयनी जागा धरीसन बठेल शे" (केव्हाची जागा धरून बसले आहे).

"तुझा हात कुणी धरला?"

तिने खिडकीच्या मुलीकडे मान वळवली. "तिनाच मी धरा. ती मन्हापेक्षा जास्त भ्यायनी" (तिचाच मी धरला. ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली).

लंडनला उतरेपर्यंत मी तिथेच बसलो. गुडघे दुखले, पण बिबड्या खमंग होत्या.

महिन्याने परतलो. नंदुरबार स्टेशनाबाहेर शहाद्याची एसटी लागली, तसा मी खिडकीतून तोच रुमाल आत टाकला. दोघं शेजारी शेजारी बसलो, मांडीवर पिशव्या, तोंडावर गरम वारा.

एजंट परवा बाजारात भेटला, तेव्हा चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली. त्याने शेजारच्या जागा दिल्या असत्या तर माझ्यासाठी अंथरलेला तो रुमाल मला कधी दिसलाच नसता, हे मला कळतं. पण त्याला ते सांगणार नाही. लगेच भाव वाढवेल.