बिननावाचं सांगणं

सुका पागधरेचा उजवा पाय गुडघ्यातून वाकत नसे. तरुणपणी होडी वर ओढताना तो पाय ओंडक्याखाली सापडला, तेव्हापासून तो दर्यावर गेला नाही. मग चिंचणीच्या कोळीवाड्याने त्याला सांगणाऱ्याचं काम दिलं. काशाची थाळी आणि एक दांडका घेऊन तो संध्याकाळी आळीआळीतून फिरायचा आणि जे कळवायचं ते कळवायचा. पंचांची बैठक कधी, हळद कुणाकडे, देवीची लस टोचणारे कधी येणार, कुणाचं जाळं वाहून गेलं. आवाज असा की शेवटच्या घरातली म्हातारीसुद्धा चुलीपुढून ‘ऐकलं रे’ म्हणायची.

मी त्याला पहिल्यांदा भेटले १८ एप्रिल १९६७ रोजी, मंगळवारी. माझ्या रोजच्या वहीत तशी नोंद आहे.

सरावलीच्या पुढे रंग तयार करणारा एक कारखाना तेव्हा नुकताच सुरू झाला होता. तो आता नाही आणि त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याच्या जनसंपर्क कचेरीत मी नोकरीला होते. हा शब्दच पालघरात नवा होता. सासूबाई शेजारणींना ‘ती कारखान्यात पत्रं लिहिते’ एवढंच सांगत, आणि तेही खोटं नव्हतं. इंग्रजी मजकूर मराठीत करायचा आणि टंकलिखित करून द्यायचा, हे माझं काम. यजमान दम्याने घरी बसले होते आणि घर माझ्या पगारावर चालत होतं.

कचेरीचे प्रमुख कृष्णकांतसाहेब मुंबईचे. वागायला फार सभ्य, कधी आवाज चढवत नसत. कारखान्याचं पाणी खाडीत जाऊ लागलं आणि खाडी कडेकडेने तांबूस दिसायला लागली, तेव्हा चिंचणीच्या कोळ्यांनी खाडीतली जाळी काढून घेतली आणि कलेक्टरांकडे अर्ज केला. पाहणीसाठी अधिकारी यायचे होते. साहेबांनी आधी पत्रकं छापून वाटली. कोळणींनी त्यांत सुका जवळा बांधला. मग पालघरच्या टॉकीजमध्ये मध्यंतराला पडद्यावर जाहिरात दाखवली. ती पाहून बाकावरची माणसं चहाला उठून गेली. मुंबईच्या वर्तमानपत्रातही बातमी छापून आणली. चिंचणीत ते वर्तमानपत्र दुपारी तीन घरांत येई, आणि त्यांतली दोन घरं गुजराती व्यापाऱ्यांची.

“मिसेस सावे,” साहेब मला म्हणाले, “लोक कंपनीचं ऐकत नाहीत. आपल्या माणसाचं ऐकतात. त्या गावात कुणाचं ऐकतात ते शोधा.”

शोधायला काहीच लागलं नाही. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी रखमाबाई चिंचणीचीच. मी विचारलं, तर ती म्हणाली, “आमच्यात ऐकतात ते सुकाचं. नवऱ्याचं कोन ऐकतो?”

साहेबांनी मजकूर तयार केला. खाडीच्या पाण्याची तपासणी झाली आहे, पाणी निर्दोष आहे, मासे धरण्यास व विकण्यास हरकत नाही. मी तो मराठीत केला. मूळ मजकुरात आधी ‘कंपनीच्या वतीने कळवण्यात येते की’ असं होतं. साहेबांनी पेन्सिलीने त्यावर रेघ मारली. “हे ऐकलं की पुढचं कुणी ऐकणार नाही,” म्हणाले. मला ते पटलं. लिहिण्याच्या दृष्टीनेही वाक्य सुटसुटीत झालं होतं.

प्रयोगशाळेचा अहवाल मी स्वतः मागून वाचला. दोन पानं, आकडे, खाली सही आणि शिक्का. न वाचता भाषांतर करायचं नाही, हा माझा नेम होता.

कंपनीची जीप मला कोळीवाड्याबाहेर सोडून गेली आणि मी सुकाच्या दारी चालत गेले. तो ओट्यावर बसून जाळं विणत होता. त्याची बायको हिरा मासळी सुकवत होती. मी कागद वाचून दाखवला. सुकाने दोनदा ऐकला.

“सांगनं कोनाचं?” त्याने विचारलं.

“म्हणजे?”

“बाय, आमची रीत हाय. मी थाळी वाजवली का पयलं नाव घेतो. महादू तांडेलाचं सांगनं, नायतर सरकारचं सांगनं. मंग लोक ठरवतात ऐकायचं का नाय. नाव नाय घेतलं तर ते माजं. म्हनजे सुकाने डोल्यांनी बघितलंय.”

हिरा हसून म्हणाली, “मागल्या साली सरकारचं सांगनं म्हनून बोलला. एक पन बाय लस टोचायला आली नाय. मंग डाक्तर याला बोलला, तू टोचून घे. टोचून घेतलं, मंग बिननावाचं सांगितलं. सगली आली.”

तेव्हाच मी उठून जायला हवं होतं. मला उलट बरं वाटलं. अशी रीत असलेला माणूस मिळाला म्हणजे काम होणार, एवढंच माझ्या मनात आलं.

“सुकाभाऊ, नाव घ्यायचं नाही असं साहेबांनी सांगितलंय,” मी म्हटलं. “पण गोष्ट खरी आहे. मी अहवाल वाचलाय. मोठ्या तज्ज्ञाची सही आहे त्यावर.”

“मी नाय बघितलं पानी.”

“तुम्ही बघून काय कळणार? पाण्यातलं विष डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी यंत्रं असतात. त्या यंत्रांनी बघितलंय आणि कागदावर उतरवलंय.”

जाळ्याची सुई तेवढी चालू होती.

“कागद म्हनजे बघितल्यासारकंच ना, बाय?”

“हो,” मी म्हटलं.

“तुमी खोटं नाय सांगनार. रखमा बोलते, तुमची वहीच असते रोजची.” त्याने आत वळून थाळी उतरवली. माझ्यादेखत तो निघाला, पाय ओढत. पहिल्या आळीच्या तोंडाशी त्याने थाळी वाजवली, आणि कुणाचंही नाव न घेता म्हणाला, “खाडीचं पानी चांगलं हाय! जाली टाका! मासली बाजारात न्या!”

बायका दारात आल्या. एकीने विचारलं, “खरंच रं सुका?” तो म्हणाला, “बोललो ना.”

दुसऱ्या दिवशी पहाटे खाडीत जाळी पडली.

शुक्रवार, २१ एप्रिल. रखमाबाई पाटी घेऊन दारात आली ती रिकामी नव्हती, आणि काही विकायलाही आली नव्हती. पाटीतली खाडीची बोय मासळी तिने माझ्यापुढे धरली. वास फिनेलसारखा होता. शिजवल्यावर तो वाढत असे. गुरुवारी पालघरच्या बाजारात गिऱ्हाइकांनी शिजलेलं कालवण भांड्यासकट आणून कोळणींच्या पुढे ओतलं होतं. एका बाईच्या अंगावर ओतलं. आता चिंचणीची म्हटल्यावर समुद्राची मासळीही कुणी घेत नव्हतं. ‘खाडीची नाय, दर्याची हाय’ म्हणून बायका ओरडत होत्या, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं.

“सुका बिननावाचं बोलला ना, म्हनजे बघितलं असंल,” रखमाबाई म्हणाली. तिचा राग माझ्यावर नव्हता. तिला माझा या गोष्टीशी काही संबंध आहे हे माहीतच नव्हतं; सुका आणि हिरा माझ्याबद्दल कुणाजवळ बोलले नव्हते. मी तिला त्या वेळी सांगितलं नाही, हेही लिहून ठेवते.

कचेरीत जाऊन मी अहवाल पुन्हा काढला. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, नमुना घेतल्याची तारीख होती. ९ फेब्रुवारी. कारखान्याचं पाणी खाडीत सुटलं २ मार्चला. जे पाणी तपासलं त्यात कारखान्याचा थेंबही नव्हता. आकडे खरे होते, सही खरी होती. मी प्रत्येक आकडा वाचला होता आणि तारीख तेवढी वाचली नव्हती. मी, जी दुधाचं भांडं सांडलं तरी तारीख घालून लिहिते.

साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“खुलासा करायला हवा,” मी म्हटलं. “ते सांगणं कंपनीचं होतं, सुकाचं नव्हतं, एवढं तरी.”

“खुलासा केला की आरोप मान्य केल्यासारखं होतं, मिसेस सावे. चार दिवस थांबा, लोक विसरतात.”

चार दिवसांनी त्यांनी मला नवं प्रसिद्धिपत्रक मराठीत करायला दिलं. खाडीच्या पाण्याबद्दल हितशत्रू अफवा पसरवत आहेत. प्रत्यक्षात खाडी निर्दोष असल्याची ग्वाही खुद्द चिंचणीच्या कोळी बांधवांनीच आपल्या पारंपरिक दवंडीद्वारे दिली आहे. आम्हीच सुकाच्या तोंडात घातलेले शब्द आता आमचा पुरावा झाले होते. मी कागद हातात धरून उभी राहिले. घरी यजमानांना इंजेक्शनं चालू होती. मी टंकयंत्रावर बसले आणि ते मराठीत केलं. ‘ग्वाही’ हा शब्द माझा. साहेबांनी नुसतं ‘सांगितले आहे’ लिहिलं होतं. मराठीत ‘ग्वाही’ बरं दिसेल असं मला वाटलं होतं.

ते तीन वर्तमानपत्रांत आलं. कलेक्टर कचेरीतल्या माणसाने पाहणीला येण्याआधीच ते कात्रण अर्जाला जोडलं. पाहणी झाली नाही.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी चिंचणीला गेले. पंच समुद्राकाठच्या मांडवात बसले होते. मधोमध महादू तांडेल, म्हातारा, अंगात नुसती बंडी. सुका एका बाजूला खाली बसला होता. मी उभ्याने सगळं सांगितलं. मजकूर माझा, नाव वगळलं आम्ही, अहवालाची तारीख मी वाचली नाही, सुकाला मीच भरीला घातलं.

कुणी माझ्यावर ओरडलं असतं तर बरं झालं असतं. महादूने मला बसायला पाट दिला.

“बाय, तुमी लिवलं ते आमी ऐकलंच नसतं,” तो म्हणाला. “आमी त्याचं ऐकलं.”

“पण त्यांचा काय दोष? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.”

“दोस नाय. त्याला कोन दंड नाय लावत. पन उद्या त्याने थाली वाजवली, तर माजी सून मासली बाजारात नेईल का? विचारा तिला.”

सून कडेला उभी होती. पालघरच्या बाजारात जिच्या अंगावर कालवण ओतलं होतं ती तीच.

रखमाबाई मागून म्हणाली, “अरे, एकदा चुकला. मानूस हाय. तू नाय चुकलास महादू? खडपावर होडी घातलीस ती कोनी?”

“होडी माजी होती,” महादू म्हणाला.

सुका तेवढ्यात उठला. त्याने बरोबर थाळी आणली होती, ती मला दिसलीच नव्हती. ती त्याने महादूपुढे ठेवली. “मीच नाय वाजवनार,” म्हणाला. “नाव घेऊन बोललो तरी लोक विचार करतील, आज खरं का. मंग मी ओरडून काय उपेग?” आणि पाय ओढत घराकडे गेला. कुणी त्याला थांबवलं नाही. मीही नाही.

त्यानंतर मी जे जे करता येईल ते केलं, आणि ते फार नव्हतं. वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. सही केली, पत्ता दिला. छापून आलं नाही. दुसऱ्या वर्तमानपत्राचं उत्तर आलं, की कंपनी आमची जाहिरातदार आहे म्हणून नव्हे, पण पुरावा जोडावा. अहवालाची प्रत माझ्या टेबलाच्या खणातून तोवर गेली होती. तारीख माझ्या वहीत होती. वहीला कोण विचारतो? कलेक्टर कचेरीत तीनदा गेले. तिसऱ्यांदा तिथल्या कारकुनाने मला चहा पाजला आणि म्हणाला, “बाई, तुमच्याच कचेरीचं पत्रक आहे हो हे.” नोकरी मी सोडली ती पुढच्या वर्षी, जून १९६८ मध्ये, यजमान पुन्हा कामावर जायला लागल्यावर. आधी सोडली नाही. कोळीवाड्यासाठी कंपनीने जीपवर कर्णा बसवला. तो रोज यायचा, रेकॉर्ड लावायचा आणि कंपनीची निवेदनं वाचायचा. बायका मासळी चिरत राहायच्या.

सुका आणि हिरा कोळीवाडा सोडून गेल्याचं रखमाबाईकडून कळलं. हिराची बहीण माकुणसारला एका वाडीत कामाला होती, तिथे गेले. १२ डिसेंबर १९६८ रोजी मी त्यांना भेटायला गेले. न छापलेल्या पत्राची प्रत बरोबर नेली होती. का नेली, हे मला नीट सांगता येणार नाही. त्याला दाखवून मला काहीतरी हलकं व्हायचं असावं.

चिकूची वाडी होती. सुका झाडाखाली बसला होता. फांद्यांना रॉकेलचे रिकामे डबे टांगलेले, त्यांची दोरी त्याच्या हातात. पाखरं उतरली की तो दोरी ओढायचा. मी पत्र वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याने ऐकलं आणि हात पुढे करून कागद माझ्याच पिशवीत ठेवला. रागाने नाही. ओल्या जमिनीवर पडू नये म्हणून ठेवावा तसा.

हिराने चहा आणला. “वाडीवाल्याने याला आवाजासाठी ठेवला,” ती म्हणाली. “पाखरं हाकलायला. पयल्या दिवशी बोलला, हाक मार. याने डबे मागितले. घरात पन तसंच, बाय. मी विहिरीवर असले तर हाक मारत नाय. चालत येतो, त्या पायाने, आनि खांद्याला हात लावतो.”

“बोलतच नाहीत?”

“बोलतो. हलू बोलतो. चहा दे, बीडी दे. दुसऱ्याला कायतरी सांगायचं असलं की गप.”

मी सुकाकडे पाहिलं. तो फांद्यांकडे बघत होता.

निघताना मी हिराला पालघरच्या एस.टी.ची वेळ विचारली. तिला ठाऊक नव्हती. “कदी साडेतीन, कदी पाच. इथलं काय खरं नाय,” म्हणाली. “याला ठावं. रस्ता इथनं दिसतो, रोज बघतो हा.” आणि तिने नवऱ्याला विचारलं.

त्याने दोरी एका हातात घेतली आणि दुसऱ्या हाताची चार बोटं वर केली.

मी पावणेचारला फाट्यावर जाऊन उभी राहिले.