आत्याबाईंची शंका

प्रयोगशाळेत त्यांना सगळे आत्याबाई म्हणत, आणि ते काही लाडाने नव्हे. प्रोटॉनची टक्कर घडवायची आणि उडालेल्या ठिकऱ्यांतून नवे कण हुडकायचे, हे तिथलं काम. हे कण ज्यांचे बनतात ते क्वार्क एरवी दोघं नाहीतर तिघं मिळून संसार थाटतात. पाच जण एका छपराखाली नांदताना सापडले की सोहळाच. असं कुटुंब असलं तर आलेखावर उंचवटा येतो. कोणी हरखून तो पडद्यावर दाखवला, की शेवटच्या रांगेतून आत्याबाई विचारायच्या, "केऑनला प्रोटॉन तर समजला नाहीत ना?" केऑन हा प्रोटॉनहून हलका कण; ही गल्लत झाली की वजन चुकीचं धरलं जातं आणि नसलेला उंचवटा उगवतो. बहुतेकदा ती झालेली असायचीच! कितीजणांच्या आनंदावर बाईंनी असं विरजण घातलं होतं.

आणि निवृत्तीच्या तोंडावर त्यांनाच पाच जणांचं कुटुंब सापडलं. उंचवटा कसा, कपाळावरच्या टेंगळासारखा. आयुष्यभर दुसऱ्यांचे कण पुसले, एक तरी आपल्या नावावर असावा, असं त्यांना फार वाटत होतं. मनात शंकेची पाल चुकचुकली, तिला त्यांनी दटावून गप्प बसवलं.

सभेत त्यांनी आलेख दाखवला. टाळ्या झाल्या. "कोणाला शंका?" गटप्रमुखाने विचारलं. सगळे आपापली नखं न्याहाळत बसले.

आत्याबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. एरवी एकमेकांचे पाय ओढणारी ही मंडळी आज एवढी शहाणी कशी? शेवटी त्या तरातरा मागे गेल्या, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काय हो बाई, केऑनला प्रोटॉन तर समजला नाहीत ना?"

हशा पिकला. पुढे येऊन त्यांनी सगळ्यांसमोर, प्रोटॉन समजलेला तो कण केऑन धरून हिशेब पुन्हा केला. पडद्यावर एक जुना, ओळखीचा कण दात काढत उभा राहिला. पाच जणांचं कुटुंब पार नाहीसं झालं.

"आम्हाला ठाऊक होतं," गटप्रमुख चाचरत म्हणाला. "तुमचा निरोप समारंभ झाला की विचारायचं ठरवलं होतं."

"म्हणजे खोटा कण ओटीत घालून मला घरी धाडणार होतात?" आत्याबाई कडाडल्या. "आणि काय रे, मी गेल्यावर हे विचारणार कोण?"

कण गेला त्यापेक्षा सगळे ठाऊक असून गप्प बसले, ह्याचंच त्यांना जास्त रडू आलं.