गिअरचा हार

आमचे हे मखमलाबादहून रोज फुलांचा टेम्पो घेऊन नाशिकच्या बाजारात जात. दसऱ्याला लोक गाडीच्या तोंडाला झेंडूचा हार बांधतात, पण ह्यांचा पहिला हार गिअरच्या दांड्याला! मला कधी साधा गजरा नाही आणि दांड्याला हार. माझं डोकंच फिरायचं.

दोन हजार आठच्या दसऱ्याला माझा भाचा रविराज निफाडहून नवीकोरी लाल स्पोर्ट्स कार घेऊन पूजेला आला. हे हार घेऊन गाडीत वाकले आणि चाचपडत राहिले.

"दांडा कुठं हाय रे?"

"मामा, दांडा नाही. स्टेअरिंगमागच्या ह्या पट्ट्या बोटानं ओढायच्या. नाही ओढल्या तरी गिअर आपोआप बदलतो."

हे स्वतः चालवायला बसले. दोघं फेरी मारून आले, तेव्हा शेजारी बसलेला रविराज गुडघा चोळत होता. प्रत्येक चढाला ह्यांचा डावा हात दांडा समजून त्याचाच गुडघा खेचत होता.

"गाडी लय भारी, पण आपोआप चालणाऱ्या गाडीत मजा नाय," हे म्हणाले आणि उरलेला हार त्यांनी माझ्या अंबाड्याला गुंडाळला. "हीपण आपोआप चालत नाय."

रविराज खदाखदा हसला. मी जाम चिडले, पण हार काढला नाही.